परवा नाही, परवाना

हौगांगला मालतीबाई खांबेटे ज्या इमारतीत राहतात, तिच्या मागे पाच मजली पार्किंग आहे. त्यातल्या चौथ्या मजल्यावर, खांबाच्या आडोशाला, एक राखाडी गाडी गेली दहा वर्षं उभी आहे. उभी आहे असंच म्हणायला हवं, कारण चालली अशी ती फारशी नाहीच. तिची नंबरपाटी लाल आहे. सिंगापुरात लाल पाटीची गाडी घेताना स्वस्त पडते, पण मग ती शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच बाहेर काढायची. इतर वारी सकाळी सात ते संध्याकाळी सात तिनं जागचं हलायचं नाही. काढायचीच झाली तर सरकारकडून त्या एका दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, वीस डॉलरचा. अवधूतराव खांबेट्यांनी दहा वर्षांत असा परवाना एकदाही घेतला नव्हता. माझा अजून एकही दात पडलेला नाही, असं लोक सांगतात ना, तशा थाटात ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगत.

अवधूतरावांचं आयुष्य मोजमापात गेलं. जुरोंगच्या एका कारखान्यात वजनकाटे, दाबमापकं, तापमापकं बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच. कुकरच्या शिट्ट्या, डॉक्टरची वेळ, जिन्याच्या पायऱ्या, सगळं मोजलेलं. दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आली की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा आणि नसलेला ब्रेक दाबायचा. टॅक्सीत दाबायचा, मित्राच्या गाडीत दाबायचा, एकदा तर साताऱ्याच्या एसटीत चौथ्या रांगेत बसून त्यांनी पूर्ण घाटभर ब्रेक दाबला होता. गाडीत डुलक्या घेणारी माणसं त्यांना बेजबाबदार वाटत. "जागं राहायचं काम चालवणाऱ्या एकट्याचं नसतं," असं ते म्हणत. त्यामुळे मालतीबाई इतकी वर्षं त्यांच्या डाव्या हाताला टक्क जाग्या बसत आल्या.

मालतीबाई मूळच्या ठाण्याच्या. सत्तावीस वर्षांपूर्वी इथे आल्या, संसार केला, मुलगा ओजस शिकून मेलबर्नला गेला, आणि मग रिकामा वेळ खायला उठला तेव्हा त्यांनी मराठीचा वर्ग सुरू केला. दर रविवारी दुपारी बिशानच्या एका काँडोच्या, म्हणजे खाजगी निवासी संकुलाच्या, हॉलमध्ये तो भरतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या इंजिनियरांची ही मुलं. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात आणि वर शेपटाला सिंगापुरी 'लाह' लावतात. शुद्धलेखनाच्या बाबतीत बाई म्हणजे कर्दनकाळ. मुलांच्या वह्या सोडाच, आईबापांचे व्हॉट्सॲपवरचे निरोपसुद्धा त्या दुरुस्त करून परत पाठवतात. त्यांच्या मते ह्या बेटावर ऱ्हस्व-दीर्घ कळणारी दोनच माणसं आहेत. त्यातलं दुसरं कोण, हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अवधूतरावांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या आठवड्यात बाईंनी योगासनांचा वर्ग लावला. निदान घरी तरी तसंच सांगितलं. खरं तर त्या गाडी शिकायला जात होत्या. साठी बुद्धी नाठी म्हणतात, बाईंना नेमकी साठीलाच ही बुद्धी झाली. परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या. एकदा फुटपाथच्या कडेवर चाक चढलं, एकदा सिग्नलला गाडी रेषेपुढे गेली, आणि एकदा परीक्षकानं विनाकारण नापास केलं असं त्या अजूनही म्हणतात. चौथ्यांदा पास झाल्या तेव्हा घरी येऊन त्यांनी परवाना नवऱ्याच्या हातात ठेवला. अवधूतरावांनी तो भिंगाखाली धरून बराच वेळ वाचला.

"योगासनं चांगली झाली म्हणायची," ते म्हणाले. "कितव्या प्रयत्नात?"

"चौथ्या."

"हं."

ह्या 'हं'चा बाईंना राग आला होता आणि तो बराच काळ टिकला.

मग अवधूतरावांना पासष्ट पूर्ण झाली. इथे त्या वयात गाडी चालवत राहायची तर वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. डोळ्यांपाशी अडलं. परवाना गेला. ते घरी आले, गाडीची किल्ली टीव्हीशेजारच्या वाटीत टाकली आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. आता घरात गाडी होती, चालवायचा परवाना असलेलं माणूसही होतं, पण दोघांची गाठ घालणारा कागद नव्हता. गाडीच्या विम्यात चालक म्हणून एकट्या अवधूतरावांचं नाव होतं. बाईंनी ती चालवली असती तर ती विना विमा चालवली असंच झालं असतं, आणि सिंगापुरात तो गुन्हा आहे. वर परवाना जातो तो वेगळाच.

ह्या सगळ्यात दिवस उरले होते थोडे. इथे गाडी ठेवायचा हक्क दहा वर्षांचा असतो. ह्या गाडीचा तो महिनाअखेर संपणार होता आणि भंगारवाला तिला न्यायला येणार होता. जुना विमा त्याच्याही आधी, बारा तारखेच्या रविवारी मध्यरात्री संपत होता. आणि चौदा तारखेला, मंगळवारी, अवधूतरावांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा जवळजवळ गेलेलाच होता. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, आहे ती नजर टिकावी म्हणून हे करतोय, टिकेल अशी आशा आहे, हमी देत नाही. पुढे महिनाभर डोळा झाकलेला, घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे हा माणूस पुन्हा बाहेर पडेल तेव्हा गाडी नसणार, आणि नजर असेल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. मंगळवारच्या आत, ह्याच गाडीत, नवऱ्याला डाव्या बाजूला बसवून एकदा चांगीच्या समुद्रापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. दर रविवारी अवधूतराव त्यांना तिथे नेत. दोघं बाकावर बसून बोटी बघत आणि डोक्यावरून उतरणारी विमानं मोजत. मोजत अर्थात अवधूतराव.

त्यांनी जुन्या विमा कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड होती. "आँटी, पॉलिसी फिनिशिंग ऑलरेडी, कॅनॉट ॲड ड्रायव्हर. न्यू पॉलिसी, मिनिमम सिक्स मंथ्स लाह." गाडी तीन आठवड्यांत मोडीत जाणार आणि विमा सहा महिन्यांचा. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, त्या शेपटासाठी आता नवा हत्ती घ्या म्हणे. दुसऱ्या कंपनीचा अर्ज इंटरनेटवर होता. वय एकसष्ट, गाडी चालवण्याचा अनुभव शून्य वर्षं, असं भरल्याबरोबर पडद्यानं नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली. तिसरीकडे महिन्याचा विमा मिळत होता, पण लाल पाटीला नाही. तीन दिवस बाई रोज सकाळी पोळ्या झाल्या की फोन घेऊन बसत, आणि अवधूतराव शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत.

शेवटी त्यांना सौमित्र आठवला. सौमित्र हा मुलुंडचा, आधी बँकेत काँप्युटरवाला होता, आता विम्याचं काम करतो. त्याची मुलगी इरा बाईंच्या वर्गात आहे. सौमित्रच्या निरोपांतल्या चुका बाईंनी इतक्यांदा काढल्या होत्या की तो त्यांना शक्यतो फोनच करायचा. पण पोरगा गुणी. दोन दिवसांत त्यानं एक लहानशी कंपनी शोधून काढली. ती महिन्याचा विमा द्यायला तयार होती. हप्ता जबर होता आणि ठोकलीत तर बरंचसं तुम्हीच भरा अशी अट होती, पण तयार होती.

"काकू, फॉर्म भरतोय," त्यानं फोनवर विचारलं. "मुख्य चालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"ह्यांचंच घाल. गाडी ह्यांच्या नावावर आहे."

"मालक ते आहेत हो. चालवणार कोण?"

"मी."

"मग मुख्य चालक तुम्ही."

आजवर कुठल्याही कागदावर त्या मुख्य कुणी नव्हत्या. पत्नी होत्या, आई होत्या, व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी होत्या. "बरं, घाल," त्या म्हणाल्या, आणि उगाचच पदर सारखा करायला गेल्या. अंगावर पंजाबी ड्रेस होता.

एक अडचण होती. मालक म्हणून अवधूतरावांची सही हवी होती, आणि मी ही गाडी चालवणार नाही असंही त्यांनी लिहून द्यायचं होतं. सही फोनच्या पडद्यावर, बोटानं. बुधवारी बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरून मजकूर वाचून दाखवला.

"ज्याला दिसत नाही त्याच्याकडून चालवणार नाही असं लिहून घेतात," अवधूतराव म्हणाले. "हुशार लोक आहेत."

त्यांनी सही केली. चाळीस वर्षं हजारो दाखल्यांवर एकाच मापाची सही केलेला माणूस. बोट चौकटीबाहेर गेलं आणि 'खांबेटे'तलं 'टे' पडद्यावरच उरलं नाही. गुरुवारी कंपनीनं फॉर्म परत पाठवला. शुक्रवारी दुपारी बाईंनी त्यांचं बोट हातात धरून चौकटीत आणून ठेवलं, पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेताना धरतात तसं. सही ह्या वेळी नीट आली.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी सौमित्रला निरोप पाठवला. "पॉलिसीचा कागद अजून आला नाही. रविवारी सकाळी आम्ही निघू ना?"

पाच मिनिटांत उत्तर आलं. "परवा नाही. सोमवारी नक्की."

बाईंनी वाचलं आणि त्यांना हसू आलं. आता ह्यात एक बारकी गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. काळजी, फिकीर अशा अर्थाचा जो शब्द, तो पर्वा, त्यात र अर्धा, व वर रफार. उद्याच्या नंतरचा जो दिवस, तो परवा, त्यात र पूर्ण. सौमित्रनं लिहिलं होतं पूर्ण र चं. पण सौमित्रचं शुद्धलेखन बाईंना ठाऊक होतं. जो माणूस 'आशीर्वाद'ला 'आर्शिवाद' लिहितो तो पर्वाला रफार कुठून देणार! म्हणजे तो म्हणत होता, काळजी करू नका, निघा, कागद सोमवारी नक्की येईल. बाईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. रफाराबद्दल त्याला रविवारच्या वर्गानंतर बोलू, असंही त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला दोघं पार्किंगमध्ये गेली. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ आणि लोणी, आणि पिशवीत नव्या चालकानं गाडीला लावायचे दोन नारिंगी त्रिकोण. ते बाईंनी रात्रीच ओल्या फडक्यानं पुसून ठेवले होते. एक पुढच्या काचेवर लावला, एक मागच्या. मग उजव्या बाजूचं दार उघडून त्या बसल्या, सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे फिरवले. अवधूतराव चाचपडत डाव्या बाजूला बसले. ह्या गाडीत त्या जागी ते पहिल्यांदाच बसत होते. पट्टा कुठे असतो ते त्यांना सापडेना.

बाईंनी पट्टा लावून दिला आणि किल्ली हातात घेतली.

"विमा?" अवधूतरावांनी विचारलं.

"झाला."

"कागद?"

"तो सोमवारी येतोय. सौमित्र म्हणाला, पर्वा नाही."

"काय म्हणाला?"

"पर्वा नाही. म्हणजे काळजी नको."

"कधी म्हणाला?"

"शुक्रवारी."

अवधूतरावांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडली. "शुक्रवार. शनिवार. रविवार. मालती, शुक्रवारचा परवा म्हणजे आज."

"मग?"

"तो म्हणतोय, परवा नाही."

बाईंचं तोंड हार मानायला तयार नव्हतं. "अहो, त्याला रफार देता येत नाही! काळजी या अर्थानं लिहिलंय त्यानं."

"असेल. लिहिलंय काय ते वाच."

त्यांनी फोन काढून वाचलं. परवा नाही, पूर्ण र. सोमवारी नक्की. दुसऱ्या अर्थानं वाचलं तरी एकेक शब्द चोख बसत होता.

"विचार त्याला," अवधूतराव म्हणाले.

"पावणेसात वाजलेत. रविवार आहे. झोपला असेल तो."

"मग उठेपर्यंत थांबू."

बाईंना राग आला, आणि तो सौमित्रवरचा नव्हता. "तुम्हाला माझ्या शेजारी बसायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "सरळ सांगा ना! चौथ्या प्रयत्नातली बाई ती. दोन वर्षं मी कुणासाठी शिकले? ऊन खाल्लं, त्या परीक्षकाची बोलणी खाल्ली. परवा ऑपरेशन आहे तुमचं. आजचा दिवस गेला तर..." त्यांना रडू फुटलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवूनच त्या रडल्या.

अवधूतरावांनी हात पुढे करून त्यांचा दंड शोधला. "तुझ्यावर भरवसा नाही असं नाही," ते म्हणाले. "सौमित्रच्या र वर नाही. चार परीक्षा देऊन मिळवलेला परवाना एका र पायी घालवायचा का?"

बाईंनी डोळे पुसले आणि किल्ली परत पर्समध्ये टाकली. त्यांनी सौमित्रला निरोप पाठवला आणि दोघं तिथेच बसून राहिली, दारं उघडी टाकून. साडेसातला शेजारच्या गाडीचे टॅन अंकल बादली घेऊन गाडी धुवायला आले. त्यांनी नारिंगी त्रिकोण पाहिले, उजवीकडे बसलेल्या बाई पाहिल्या, आणि अंगठा वर केला. "वाह, आँटी ड्रायव्हिंग! गोइंग व्हेअर?"

"नोव्हेअर," बाई म्हणाल्या आणि त्यांना थालीपीठ दिलं.

टॅन अंकलांची अर्धी गाडी धुवून होईतो फोन वाजला. सौमित्रचा आवाज झोपेतला आणि भेदरलेला होता. "काकू! गाडी काढली नाहीत ना?"

"नाही. इथेच आहोत."

"अहो, परवा नाही म्हणजे रविवारी नाही! काकांची सही शुक्रवारी आली ना, त्यामुळे विमा आज मध्यरात्रीनंतर सुरू होतोय, सोमवारपासून. म्हणून तर लिहिलं, सोमवारी नक्की."

"मला वाटलं तू काळजी या अर्थानं..."

"मग रफार नसता का दिला मी? तुम्हीच शिकवलंत इराला. काळजीच्या पर्वाला रफार, दिवसाच्या परवाला नाही. तिनं घरात सगळ्यांकडून घोकून घेतलंय."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. ह्या बेटावरचं ऱ्हस्व-दीर्घ कळणारं दुसरं माणूस निघालं होतं, आणि बाईंनी त्यालाच अडाणी ठरवलं होतं. त्यांना मनापासून शरम वाटली. "तुझं बरोबर आहे, सौमित्र," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या शुद्धलेखनाच्या संदर्भात प्रथमच बोलत होत्या.

दुपारी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बिशानला जाऊन त्यांनी वर्ग घेतला. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. नऊ वर्षांची इरा पहिल्याच बाकावर हात वर करून बसली होती. "टीचर, डॅडी सेड यू गॉट द रफार राँग लाह."

"हो, चुकले मी," बाई म्हणाल्या. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात दोन्ही शब्द लिहिले आणि आपली फजिती मुलांना सांगितली. मुलं खूश झाली. इरा मात्र फळ्याकडे बघत विचार करत होती.

"देन परवाना मीन्स व्हॉट? परवा, नो?"

"परवाना म्हणजे लायसन्स गं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर चहा गाळता गाळता त्यांनी हे अवधूतरावांना सांगितलं. परवा, नो. अवधूतराव हसले. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून ते हसले नव्हते. हसून झाल्यावर कपात बघत बसले, मग म्हणाले, "काढ मग."

"काय?"

"परवाना. उद्याचा. वीस डॉलरवाला."

बाईंना आधी कळलंच नाही. सोमवार म्हणजे कामाचा दिवस, लाल पाटीनं जागचं हलायचं नाही, म्हणून त्यांनी उद्याचा विचारच सोडून दिला होता. "दहा वर्षांत तुम्ही कधी काढला नाहीत तो."

"दहा वर्षं मी चालवत होतो. मला रविवार पुरायचा." त्यांनी कप खाली ठेवला. "काढ. आणि विम्याचा कागद आल्याशिवाय निघायचं नाही."

सोमवारी नऊ वाजता कागद ईमेलनं आला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला. अवधूतरावांनी आधी तारीख वाचायला लावली, मग वेळ, मग गाडीचा नंबर. सगळं बरोबर निघाल्यावर म्हणाले, "चालकाचं नाव वाच."

"मुख्य चालक, मालती अवधूत खांबेटे."

"स्पेलिंग बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग चल."

पार्किंगच्या उतारावरून बाईंनी गाडी इतकी हळू उतरवली की मागच्या व्हॅनवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. बाहेर पडल्या आणि ऊन काचेवर आलं. पहिल्याच सिग्नलला अवधूतरावांचा उजवा पाय पुढे सरकला आणि त्यानं चटईवरचा नसलेला ब्रेक दाबला. दुसऱ्या सिग्नललाही दाबला. बाईंनी पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. महामार्गावर चढताना एक कंटेनर शेजारून गेला तेव्हा त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पण गाडी आपल्या रेघांमध्ये राहिली. अवधूतराव रस्ता सांगत होते. आता डावीकडे मोठं झाड, आता पूल, आता तिसरा फाटा. त्यांना त्यातलं किती दिसत होतं आणि किती पाठ होतं, ते बाईंनी विचारलं नाही.

चांगीला त्यांचा बाक रिकामा होता. सोमवारची सकाळ, किनाऱ्यावर दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. समुद्र स्वच्छ होता. डोक्यावरून एक विमान इतकं खाली आलं की दोघांनी मान वर केली. ते गेल्यावर अवधूतराव बराच वेळ समोर पाहत राहिले, चेहरा थोडा तिरपा करून. त्या कोपऱ्यातून त्यांना अजून दिसायचं.

"दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय. पाणी दिसतंय. बोटी पण दिसतायत." त्यांनी मोजल्या. "पाच."

बोटी सात होत्या.

"बरोबर," मालतीबाई म्हणाल्या.

थर्मासमधला चहा संपेपर्यंत दोघं बसली. अकराच्या सुमाराला परत निघाली. येताना बाईंचे हात थोडे सैलावले होते. रस्ता आता ओळखीचा वाटत होता, आणि त्यांना आपल्या ड्रायव्हिंगबद्दल दोन शब्द ऐकायची इच्छा होती. अर्थात मागून घ्यायचे नाहीत, हेही त्यांनी ठरवलं होतं. तंपिनिसच्या पुढे अवधूतराव फाटे सांगायचे थांबले. बाईंना वाटलं, रागावले की काय. वाहनं पुढे तुंबली होती, त्यांनी वेग कमी केला, ब्रेक दाबला, आणि सवयीनं डावीकडे खाली पाहिलं.

अवधूतरावांचा पाय हलला नव्हता. तो चटईवर आडवा, सैल पडला होता. मान पट्ट्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. आयुष्यभरात दुसऱ्याच्या गाडीत डोळा न लागलेला तो माणूस गाढ झोपला होता.

समोरच्या गाड्या सुटल्या. बाईंनी धक्का न देता गाडी पुढे घेतली. पाच मिनिटांत हौगांगचं वळण आलं. त्यांनी ते जाऊ दिलं. परवाना दिवसभराचा होता.